डोळे काढायचे राहिलेले चित्र

ओटावातल्या बावीस वर्षांच्या वास्तव्यात जयंतीबाई समेळांनी एकतीस तक्रारअर्ज लिहिले आणि त्यांपैकी एकाही अर्जात एकही चूक सापडली नाही, असे त्यांचे यजमान विलासराव पाहुण्यांना सांगत. सांगताना ते हसत. जयंतीबाई हसत नसत. बसथांब्यावरच्या पाटीतली फ्रेंच अक्षरे इंग्रजीपेक्षा अर्ध्या बोटाने लहान आहेत, वाचनालयाच्या फलकावरचा पांढरा रंग दोन उन्हाळ्यांत पिवळा पडला, रुग्णालयाकडे जाण्याचा बाण दाखवतो ती दिशा पार्किंगची आहे, अशा त्या तक्रारी असत. प्रत्येक अर्जाला उत्तर येई, प्रत्येक उत्तरात आभार असत, आणि पाटी जागची हलत नसे.

पाट्यांवर एवढा डोळा असण्याला कारण होते. जयंतीबाईंनी मुंबईच्या कला महाविद्यालयातून उपयोजित कलेची पाच वर्षांची पदविका पहिल्या वर्गात घेतली होती. १९८७ साली त्या कॅनडात आल्या, तेव्हा कुठल्याशा समितीने त्या पदविकेचे मूल्यमापन केले आणि ती इथल्या बारावीहून किंचित वरची ठरवली. त्या ‘किंचित’वर जयंतीबाईंना नेपियनमधल्या पाट्यांच्या दुकानात काम मिळाले. विनाइलच्या चिकट कागदातून यंत्राने कापलेली अक्षरे चिमट्याने सोडवायची आणि पत्र्यावर बसवायची, हे त्यांनी सतरा वर्षे केले. ब्रश हाती धरायचे काम त्या दुकानात नव्हतेच. २००९च्या फेब्रुवारीत मंदीने दुकान बुडाले. त्यांनी तिथे कापलेली शेवटची पाटी त्याच दुकानाची होती: दुकान बंद होत आहे, सर्व माल अर्ध्या किमतीत.

वर्तमानपत्रांनी मंदी संपल्याचे जाहीर केल्यानंतर दोन महिन्यांनी, सरकारी शिरस्त्याला धरून, मंदीत धीर देणारी भित्तिचित्रांची योजना सुरू झाली. ज्या खात्याने ती काढली त्याचे नाव इतके लांब होते की जयंतीबाईंनी ते पाटीवर बसवायला नकार दिला असता. कल्पना जुनी होती. तीसच्या दशकातल्या महामंदीत काही देशांतल्या सरकारांनी बेकार चित्रकारांना पगार देऊन पोस्टर काढून घेतली होती, तेच इथे छोट्या प्रमाणात करायचे होते. काम गेलेले बारा चित्रकार निवडायचे. प्रत्येकाने आपल्या ओळखीतल्या, काम गेलेल्या एका माणसाला समोर बसवून त्याचे चित्र काढायचे. त्यांतले एक चित्र निवडून त्याची पोस्टर शहरभर, बसथांब्यांवर, वाचनालयांत आणि रोजगार केंद्रांत लावायची.

निवड झाल्याचे पत्र आले त्या दिवशी विलासराव सांख्यिकी खात्यातून घरी आले, तर जयंतीबाई बेसमेंटमध्ये जमिनीवर बसून, बावीस वर्षे न उघडलेल्या पत्र्याच्या पेटीतून ब्रश काढत होत्या.

“अगं, हे आता फेकायचे ना? केस झडलेत त्यांचे,” विलासराव म्हणाले.

“तुमचेही झडलेत. मी काही म्हटलं का?”

विलासराव टकलावरून हात फिरवत वर गेले. तीन वर्षांत ती एवढी खुशीत बोललेली त्यांना आठवत नव्हती.

पेटीच्या तळाशी, मेणकापडात गुंडाळलेला, सुईइतका बारीक एक ब्रश होता. तो जयंतीबाईंच्या वडिलांचा. वडील पेणला गणपतीच्या कारखान्यात आखणीचे कारागीर होते. मूर्ती साच्यातून काढणारे वेगळे, अंगाचा रंग देणारे वेगळे, आणि डोळे काढणारा एकटा. सगळी मूर्ती पुरी झाली, दागिने, सोवळे, उंदीर, सगळे झाले की मग आखणी. तोवर मूर्तीचे डोळे कोरे, आणि डोळे कोरे असलेली मूर्ती गिऱ्हाइकाला दाखवायची नाही, तिच्यावर कापड टाकून ठेवायचे. आखणीच्या दिवशी वडील पहाटे आंघोळ करून, काही न खाता कारखान्यात जात आणि उजेड सरळ झाला की श्वास रोखून ब्रश टेकवत. माणसांची चित्रेही ते काढत, आणि त्याबाबत त्यांचे एक सांगणे असे: डोळे काढताना ज्याचे आहेत तो समोर हवा, आठवणीतून काढलेस तर ते तुझे स्वतःचे निघतील. कला महाविद्यालयात जयंतीबाईंना पुष्कळ काही शिकवण्यात आले. हे शिकवणारे कोणी तिथे नव्हते. माणसाचे चित्र काढायचे म्हणजे डोळे शेवटी, एवढे त्यांच्या हातात बसलेले होते, आणि ते कोणाला समजावून सांगावे लागेल असे त्यांच्या कधी मनातही आले नव्हते.

समोर बसायला तयार झाला दिलीप मोहरील. नागपूरचा, सत्तेचाळीस वर्षांचा, ओटावाच्या कॅनाटा उपनगरातल्या दूरसंचार कंपनीत बारा वर्षे काढलेला. एप्रिलमध्ये त्याच्या मजल्यावरच्या सगळ्यांना एकाच सकाळी खोके देऊन घरी पाठवण्यात आले होते.

“पण माझा चेहरा कशाला, ताई?” तो पहिल्या दिवशी म्हणाला. “मराठी मंडळाच्या नाटकात मला दोनदा भिंत केलंय लोकांनी.”

“भिंतच हवीये मला. हलू नकोस.”

व्हॅनियरमध्ये बंद पडलेल्या एका शाळेच्या तळघरात चित्रे टेकवायची बारा इझल मांडलेली होती. छताखालून वाफेचे नळ जात आणि दर वीस मिनिटांनी ठोके देत. मंगळवारी आणि गुरुवारी दिलीप दोन बसा बदलून येई, हिवाळी कोट खुर्चीच्या पाठीला लावी आणि बसे. ऑक्टोबरभर हे चालले. तो बोलत असे आणि त्या ऐकत असत.

“दोनशे चाळीस ठिकाणी अप्लाय केलं, ताई. अकरा फोन आले. समोर बसवून इंटरव्ह्यू एकही नाही. सहा महिन्यांत घरच्यांशिवाय कुणी माझ्या तोंडाकडे बघितलेलं नाही. तुम्ही पहिल्या.”

“आणि कसं दिसतंय?”

“ते तुम्ही सांगायचं. आरसा काय, रोज तेच बोलतो.” मग जरा थांबून तो म्हणाला, “एक करा. मला कुणीतरी बेकार माणूस नका काढू. मला काढा. ट्वेल्व्ह इयर्स मी या लोकांचे फोन लागते ठेवलेत. बस स्टॉपवर उभा राहून माणसानं बघितलं तर त्याला वाटलं पाहिजे, हा दिलीप आहे, हा माझ्याकडे बघतोय.”

“बघशील,” जयंतीबाई म्हणाल्या. “तुझे डोळे मी सगळ्यांत शेवटी काढीन आणि सगळ्यांत चांगले काढीन. हा माझा शब्द.”

दिलीपची नजर त्या दिवसांत सरळ होती. तिच्यात राग होता, थट्टा होती, आणि आपल्यावर झालेला अन्याय ही कुणाची तरी चूक आहे, ती दुरुस्त होईल, असा एक भाबडा हिशेबीपणा होता. जयंतीबाईंनी ती नजर पाहून ठेवली, पण कागदावर घेतली नाही. त्यांनी कपाळ केले, कानाजवळचे पांढरे केस केले, नाकावरची चष्म्याची खूण केली, ओठांचा उजवा कोपरा जरा वर उचललेला केला. डोळ्यांच्या जागी त्वचेचा सपाट, गुळगुळीत रंग होता. बारा नोव्हेंबरच्या गुरुवारी सगळे संपले. शुक्रवारी दिलीप सकाळी नऊला येणार होता आणि आखणी होणार होती. गुरुवारी दुपारी त्यांनी चित्रावर पांढरे कापड टाकले, चार कोपरे टाचण्यांनी पक्के केले आणि बर्फाळ पाऊस सुरू व्हायच्या आत घरची बस धरली.

शुक्रवारी पहाटे त्यांनी आंघोळ केली. चहाही घेतला नाही. विलासरावांनी विचारले, “आज काय उपास?” त्यावर, “आज काम आहे,” एवढेच म्हणाल्या. वडिलांचा ब्रश मेणकापडासकट कोटाच्या आतल्या खिशात ठेवून त्या तळघरात पोचल्या तेव्हा साडेआठ झाले होते.

इझल रिकामे होते. कापड घडी करून खुर्चीवर ठेवलेले होते आणि चारही टाचण्या एका कपात.

जयंतीबाई कितीतरी वेळ त्या कपाकडे पाहत उभ्या राहिल्या. चोरी झाली, हा पहिला विचार. दुसरा विचार त्याहून वाईट होता, म्हणून त्यांनी तो येऊ दिला नाही.

योजनेची अधिकारी डनीझ त्रांब्ले हसत हसत जिना उतरून आली. नदीपलीकडच्या गॅटिनोची, पन्नाशीची, गळ्यात नेहमी रेशमी रुमाल. बाई मनाने चांगली होती, आणि जयंतीबाईंचा अनुभव असा की चांगल्या मनाच्या अधिकाऱ्यांना तक्रार समजावणे सगळ्यांत अवघड जाते.

“जयंती! मी तुला फोनच करणार होते. समिती काल संध्याकाळीच आली. सगळी चित्रं पाहिली. तुझं कापड काढलं आणि, देवा रे! दोन माणसं रडली. निवडलं तुझं. छपाईला गेलंसुद्धा.”

“ते पुरं झालेलं नाही,” जयंतीबाई म्हणाल्या.

“प्रत्येक कलावंत असंच म्हणतो.”

“डनीझ, त्याला डोळे नाहीत.”

“हो ना!” डनीझने दोन्ही हात छातीशी नेले. “तेच तर. ज्याला कुणी पाहत नाही असा माणूस. नाव नसलेला, नजर नसलेला. इतकं धाडसी काही कुणी केलंच नव्हतं.”

जयंतीबाईंना बोलायला शब्द सापडेना. इंग्रजी सापडेना असे नव्हे. त्यांचे इंग्रजी डनीझच्या इंग्रजीपेक्षा बरे होते. आपण जे मुद्दाम झाकून ठेवले, जे कोणी पाहू नये म्हणून चार टाचण्या लावल्या, ते उघडून पाहणाऱ्यांना त्यातच सगळा अर्थ सापडला, या गोष्टीला कोणत्या भाषेत काय म्हणायचे ते त्यांना कळेना. त्यांनी पेणचे सांगितले, वडिलांचे सांगितले, कोरे डोळे का झाकतात ते सांगितले. डनीझने मान हलवत सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “किती सुंदर! हे आपण माहितीपत्रकात घालू या.”

नऊ वाजता दिलीप आला. रिकाम्या इझलसमोर ठेवलेल्या खुर्चीवर सवयीने बसला.

“कुठे गेलो मी?” त्याने विचारले.

जयंतीबाईंनी बत्तिसावा अर्ज लिहिला, मग तेहतिसावा आणि चौतिसावा. उत्तर आले की करारातील सातव्या कलमान्वये कलाकृतीवरील सर्व हक्क खात्याकडे असून तिच्या पूर्णत्वाचा निर्णयही खात्याकडे आहे. पत्राच्या शेवटी आभार होते.

“सरकारशी भांडून काय मिळणार?” विलासराव म्हणाले. “आणि मी तिथेच नोकरीला आहे, हेही जरा ध्यानात ठेव.”

“तुम्ही आकडे मोजता. माणसाचे डोळे दोन असतात, हा आकडा त्यांना कळवा.”

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पोस्टर लागली. उणे बावीस तापमानात, ९५ नंबरच्या बसची वाट पाहताना, जयंतीबाईंनी पहिले पाहिले. थांब्याच्या काचेआड, आतून दिवा लावलेला, पुरुषभर उंच दिलीप. कपाळ तेच, ओठाचा उचललेला कोपरा तोच, आणि भुवयांखाली दोन गुळगुळीत, उजळ, रिकाम्या जागा. चित्राखाली खात्याने आपल्या मनाने एक ओळ घातली होती, दोन्ही भाषांत, अक्षरे अगदी समान उंचीची: ‘आम्ही तुम्हाला पाहत आहोत.’

बस आली, दार उघडले, ड्रायव्हरने दोनदा विचारले, दार मिटले, बस गेली. त्या तिथेच उभ्या होत्या.

त्या रविवारी त्या कॅनाटाला, दिलीपच्या घरी गेल्या. दार दिलीपच्या बायकोने, सीमाने उघडले. सीमा एरवी दारातच मिठी मारी. आज तिने बूट ठेवायची जागा दाखवली.

“या, ताई. चहा टाकते,” ती म्हणाली. आणि मग चहा टाकायला न जाता तिथेच उभी राहून म्हणाली, “तुम्ही असं का केलंत?”

“मी नाही केलं गं.”

“सही तुमची आहे खाली.”

सही त्यांनी गुरुवारीच करून ठेवली होती.

दिलीप सोफ्यावर बसला होता. त्याने वर पाहिले नाही. मुलगी अनन्या, तेरा वर्षांची, जिन्यावर बसून फोनमध्ये बोट फिरवत होती. तिला चित्र आवडले का, असे विचारण्याचा वेडेपणा जयंतीबाईंनी केला नाही. तरी अनन्या आपण होऊन उठली आणि फोन त्यांच्यापुढे धरला.

“People draw on it,” ती म्हणाली. “Look.”

काचेवर जाड मार्करने लोकांनी डोळे भरले होते. कॅनाटाच्या थांब्यावर दोन फुल्या, मेलेल्या माणसाला काढतात तशा. शाळेजवळ डॉलरची दोन चिन्हे. कॉलेजच्या थांब्यावर काळा चष्मा आणि खाली पेन्सिलींचा कप, इकडे पूर्वी आंधळे भिकारी विकायला घेऊन बसत तसा. एका ठिकाणी कोणी दोन्ही डोळ्यांतून ओठापर्यंत अश्रू ओघळवले होते. अनन्या एकेक फोटो पुढे सरकवत होती, चेहऱ्यावर काही न आणता. असे चौदा फोटो होते. शाळेतल्या मुलांनी तिला पाठवलेले.

कोरी जागा लोक कोरी ठेवत नाहीत, हे पाट्यांच्या दुकानात सतरा वर्षे काढलेल्या बाईला कळायला हवे होते.

“दिलीप,” त्या म्हणाल्या, “पुढच्या महिन्यात मूळ चित्राचं अनावरण आहे. खात्याच्या दालनात. तू ये. समोर बस. मी तिथल्या तिथे डोळे काढते.”

“मला तिथे बघायला बोलावलंय, ताई, की दाखवायला?” तो खाली पाहतच म्हणाला. “मागच्या आठवड्यात एक इंटरव्ह्यू झाला. समोरासमोर, पहिलाच. ती बाई मधेच थांबली, म्हणाली, तुम्ही त्या पोस्टरमधले का? आणि मग, सिरियसली सांगतो, सगळा वेळ ती माझ्या टायकडे बघत होती.”

“म्हणून तर ये म्हणते.”

“नको. तुम्ही शब्द दिला होता, मी धरून बसलेलो नाही. सोडा आता.”

त्याने धरला नव्हता, म्हणूनच जयंतीबाईंना तो सोडता येईना.

अनावरणाच्या दिवशी, फेब्रुवारीत, त्यांनी पहाटे आंघोळ केली आणि काही खाल्ले नाही. काळा पोस्टर कलर छोट्या डबीत घेतला, ओल्या रुमालाची घडी प्लास्टिकच्या पिशवीत घेतली, वडिलांचा ब्रश आतल्या खिशात. दालन काचेचे होते. सत्तरेक माणसे, हातात कॉफीचे कप, छातीवर नावांच्या चिठ्ठ्या. मूळ चित्र एका स्टँडवर निळ्या पडद्याआड. डनीझने भाषण केले, त्यात पेण आले, वडील आले, कापड आले आणि सगळ्यांचा अर्थ उलटा आला. मग जयंतीबाईंना पडदा दूर करण्याची विनंती झाली.

त्यांनी पडदा दूर केला, टाळ्या झाल्या. त्यांनी खिशातून ब्रश काढला, डबीचे झाकण उघडले आणि चित्राकडे वळल्या. हाही कार्यक्रमाचाच भाग असावा, अशा समजुतीने पुन्हा टाळ्या झाल्या.

उजव्या डोळ्याची वरची कड एका श्वासात आली. मग बुबुळ. मग डावा. चार महिने ती नजर त्यांनी मनात जपली होती: राग, थट्टा, तो भाबडा हिशेब. मागे टाळ्या थांबल्या होत्या. “जयंती, हे काय करते आहेस?” असे डनीझचे घाबरे शब्द ऐकू आले, पहारेकऱ्याचे बूट वाजले. त्यांनी शेवटचा बिंदू दिला आणि एक पाऊल मागे सरकल्या.

आणि थिजल्या.

चित्रातून त्यांच्याकडे दिलीप पाहत नव्हता. ते डोळे त्यांच्या ओळखीचे होते. स्नानगृहाच्या आरशात त्यांनी ते रोज पाहिले होते: बारीक केलेले, कोपऱ्यात आवळलेले, समोरच्या प्रत्येक पाटीतली चूक हुडकणारे. दिलीपच्या कपाळाखाली, दिलीपच्या नाकाच्या दोन्ही अंगांना, जयंती समेळ बसलेली होती, आपले चौतीस अर्ज घेऊन. खात्याने त्याचे डोळे काढू दिले नाहीत, थांब्यावरच्या पोरांनी त्यांत फुल्या मारल्या, आणि त्यांनी स्वतः, ज्यांनी शब्द दिला होता त्यांनी, तिथे आपले गाऱ्हाणे काढून ठेवले. वडील तीस वर्षांपूर्वी गेले होते. त्यांचे म्हणणे आज जयंतीबाईंना पहिल्यांदा डोळ्यांनी दिसले.

“ताई, हे माझे नाहीत.”

दिलीप दाराशी उभा होता, बर्फाचे बूट आणि कोट तसाच. शेजारी सीमा, त्याची बाही घट्ट धरून; तिनेच त्याला ओढत आणले असावे.

“नाहीत,” जयंतीबाई म्हणाल्या. “चुकलं माझं. बस. समोर बस.”

पहारेकरी चित्र आणि त्यांच्या मधोमध येऊन उभा राहिला. डनीझ म्हणाली, “हे खात्याच्या मालमत्तेचं नुकसान आहे, जयंती. मला काही करता येणार नाही.”

“डनीझ, हा दिलीप. तू याला कधी पाहिलंस का?”

डनीझने वळून पाहिले. शहरात तीनशे ठिकाणी तिने ज्याचा चेहरा लावला होता, तो माणूस भिजल्या बुटांनी तिच्या गालिच्यावर उभा होता, आणि ती त्याला आयुष्यात प्रथम भेटत होती. तिने पहारेकऱ्याला हाताने बाजूला हो अशी खूण केली आणि पहिल्या रांगेतली एक खुर्ची स्वतः ओढून पुढे आणली.

जयंतीबाईंनी ओल्या रुमालाने चित्रातले डोळे पुसले. पोस्टर कलर पाण्याने सुटतो, पण पुरता जात नाही. काळ्याचा एक मळकट पट्टा दोन्ही डोळ्यांखाली राहिला. त्यांनी तो घासला नाही. त्या खुर्चीकडे वळल्या.

“वर बघ.”

दिलीपने वर पाहिले, आणि जयंतीबाईंना दुसरा धक्का बसला. ऑक्टोबरमधली नजर तिथे नव्हती. राग नव्हता, थट्टा नव्हती. ती कुठे जाऊन बसली होती कोण जाणे. हे डोळे समोरच्यापर्यंत पोचायच्या आधीच परत फिरत होते, दारावर थाप मारायला उचललेला हात माणूस खाली घेतो तसे. क्षणभर त्यांना वाटले, जुने काढावेत. चांगले काढीन म्हणाले होते. पण जुने डोळे समोर नव्हते.

“काढा, ताई,” दिलीप म्हणाला. “आहेत ते काढा.”

त्यांनी जे होते ते काढले. ब्रश खाली घेतल्यावर त्यांनी मागे वळून पाहिले, तर माणसे चित्राकडे पाहत नव्हती. कोणी कपात पाहत होते, कोणी आपल्या छातीवरच्या चिठ्ठीत, कोणी काचेबाहेरच्या बर्फात. खाली, खात्याने स्टँडवर लावलेल्या पट्टीवर, पोस्टरवरचीच ओळ होती: ‘आम्ही तुम्हाला पाहत आहोत.’ फक्त सीमा पाहत होती आणि रडत होती. दिलीप उठून जवळ आला, वाकला, आपल्याच चित्रासमोर उभा राहिला.

“हो,” तो म्हणाला. “हा मी.”

डनीझने पडदा ओढला. चित्र डोळ्यांसकट चार मिनिटे उघडे होते.

तीन आठवड्यांनी खात्याचे पत्र आले. मूळ कलाकृतीत अनधिकृत फेरफार झाल्याने ती संग्रहास अपात्र ठरली असून कलावंतास परत करण्यात येत आहे. पोस्टर बदलली गेली नाहीत. मार्चअखेर थांब्यांवर सुट्टीच्या सहलींची जाहिरात लागेपर्यंत दिलीप तिथे बिनडोळ्यांचा, फुल्यांसकट उभा होता. पत्राला जयंतीबाईंनी उत्तर लिहिले नाही, आणि विलासरावांना त्याची इतकी काळजी वाटली की त्यांनी दोनदा विचारले, “बरं आहे ना?”

चित्र त्यांनी मोहरीलांकडे पोचवले. सीमाने ते दारासमोरच्या भिंतीवर लावले. आत येणारा माणूस वाकून बूट काढतो आणि उभा राहिला की दिलीप त्याच्यासमोर असतो. मंडळाची माणसे येत, बूट काढत, वर पाहत आणि लगेच हवापाण्याविषयी बोलू लागत.

सप्टेंबरात दिलीपला नोकरी लागली, पहिलीपेक्षा लहान. त्या शनिवारी सीमाने जेवायला बोलावले आणि जेवता जेवता जरा चाचरत म्हणाली, “ताई, आता ते डोळे जरा... म्हणजे, बदलता येतात ना? पाण्याने जातात म्हणालात. आता हा हसतोय बघा.”

जयंतीबाईंनी दिलीपकडे पाहिले. तो खरेच हसत होता. ब्रश आणलेला नव्हता, पण आणता आला असता.

“Don’t,” जिन्यावरून अनन्या म्हणाली.

“राहू द्या, ताई,” दिलीप म्हणाला. “त्या खुर्चीत मी बसलो होतो. हसणारा नव्हता बसला.”

मग तो वाढायला उठला आणि जयंतीबाईंनी आणखी थोडा भात घेतला.